धरली म्हणा, मग सोडतो

१२ जानेवारी

स्वप्ना सकाळी लॅपटॉप काखेत मारून ओसरीवर आली आणि म्हणाली, "काका, तर्कशास्त्र अजून येतं का तुम्हाला?"

बीडच्या कॉलेजात मी नोकरीभर हाच एक विषय शिकवला. मी निवृत्त झालो त्याच वर्षी विषयही बंद झाला. म्हणालो, "येतं. गिऱ्हाईक तेवढं राहिलं नाही."

"मी आहे ना," असं म्हणून तिने चहा यायच्या आत मांडी घातली.

ही माझ्या थोरल्या भावाची, बबनदादांची मुलगी. पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. दिवाळीत दादांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गावात राहूनच काम करते. आमच्या ओसरीवर रेंज बरी येते, म्हणून दुपारपर्यंत इथेच असते. माझ्या बायकोला, वनमालेला, सोबत होते आणि मला श्रोता मिळतो.

तिचं काम ऐकून घेतलं. आमच्या गावचा सप्ताह माघात, शिवरात्रीच्या आठवड्यात असतो. सात दिवस, रात्रंदिवस, मारुतीच्या देवळात कोणीतरी गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. दोन-दोन तासांचा एकेकाचा पहारा. वीणा खाली ठेवायची नाही, घेऊन बसायचं नाही. पुढचा माणूस येऊन घेईल तेव्हाच मागचा सुटतो. मागचा माणूस कोणाला "घे" असंही म्हणत नाही. जो येईल त्याला द्यायची, अशी इथली रीत.

गेल्या वर्षी दादा दुपारी पहाऱ्याला उभे राहिले. पुढचा पहारा भारतचा. त्याने व्हॉट्सॲपवर सुग्रीवला सांगितलं, माझ्या जागी तू उभा राहा. सुग्रीवने ते बद्रीनाथवर ढकललं. बद्रीनाथने पुन्हा भारतलाच गाठलं आणि भारतने घाईत अंगठा टाकला. तिघंही आपापल्या घरी निवांत. रात्री कीर्तनाला सगळं गाव समोर बसलेलं होतं, पुढच्या पहाऱ्यांची माणसंही त्यात, पण सगळ्यांना वाटलं बबनरावांनी काही नेम धरला असेल. कोणी उठलं नाही. दादा पहाटेच्या काकड्यापर्यंत उभे होते.

मला हे सकाळी कळलं. मी घरीच होतो.

यंदा वहिनींनी, म्हणजे भिवराबाईंनी, अट घातली आहे. वेळेवर सोडवायला माणूस येईल याची खात्री असेल तरच दादांनी वीणेला हात लावायचा. नाहीतर यंदापासून बंद. डॉक्टरांनीही दोन तासांच्या वर उभं राहायचं नाही असं बजावलंय. दादा मिसरूड फुटल्यापासून एकही सप्ताह चुकलेले नाहीत. स्वप्नाने आईला शब्द दिला आहे की खात्री मी देते.

म्हणून ती फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान तयार करते आहे. कोणाचा पहारा, पुढे कोण, बदली कोणाची, सगळं त्यात. वेगळं ॲप उतरवायला नको, कारण गावातल्या फोनमध्ये लग्नाच्या व्हिडिओंमुळे जागा नसते.

१५ जानेवारी

काल देवळाच्या मंडपात पानाची चाचणी झाली. वीणेच्या जागी पाण्याच्या पाइपाचा तुकडा. दादा बाजेवर बसून पाहत होते.

पान छान दिसतं. स्वप्नाने ते स्वतः कितीतरी वेळा तपासलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात सुग्रीवच्या हातातला पाइप घ्यायला कोणी येईना. पानावर मात्र चौघांनी "येतो" दाबलेलं. चौकशी केली. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, म्हणून प्रत्येकाने दाबलं, आणि चौघांनी दाबलंय म्हटल्यावर प्रत्येकजण घरी बसला. त्यातला एक तर तानाजी निघाला. तो बायकोसह ऊसतोडीला कोल्हापूरकडे आहे.

स्वप्नाने त्याला फोन लावला. "तानाजीदादा, तुम्ही फडात आहात ना? येतो कशाला दाबलं?"

"दाबलं बाई. मन तिथंच हाय माझं."

"मन नको, माणूस पाहिजे."

"मंग पाडव्याच्या आधी न्हाई जमत," तानाजी म्हणाला.

अर्धं गाव तोडीला गेलेलं आहे, म्हणून तर पहाऱ्याला माणसं कमी पडतात. आणि जी गेली आहेत त्यांचाच हात बटनावर आधी जातो.

सुग्रीव पाइप धरून उभाच होता. "ए, हे काय कुत्रं हाणायला दिलंय का? घ्या की बे कोणीतरी."

दादा हसले. त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

१६ जानेवारी

स्वप्नाचं म्हणणं असं. तपासणी करताना आपण आपल्याला सुचतात तेवढ्या वाटा चालून बघतो. घोटाळा न सुचलेल्या वाटेवर असतो. तिच्या कंपनीत एक साधन वापरतात. प्रोग्राम कसा वागतो आणि कोणता नियम कधीच मोडायचा नाही, हे दोन्ही त्याला तर्कशास्त्राच्या चिन्हांत लिहून द्यायचं. मग ते साधन घटनांचे जेवढे क्रम शक्य आहेत तेवढे सगळे चालून बघतं. नियम कुठे मोडला तर तो क्रम पायरीपायरीने दाखवतं. कुठेच मोडला नाही, तर ती नुसती तपासणी राहत नाही, सिद्धता होते.

मी त्याला तपासनीस म्हणतो.

"प्रोग्रामचं मी बघते. नियम तुम्ही लिहा," ती म्हणाली. "मी लिहिला की मला सोयीचा लिहिते."

कॉलेजने टाकून दिलेला फळा मी घरी आणला होता, तो गोठ्यातून काढून धुतला. वनमाला म्हणाली, "बरं झालं. म्हशीला काय कळत नव्हतं त्याचं."

नियम एक: प्रत्येक क्षणी असा एक आणि एकच माणूस आहे, ज्याच्याकडे वीणा आहे.

चिन्हांत लिहिला तेव्हा एका ओळीत बसला. बराच वेळ बघत राहिलो. हस्ताक्षर अजून बरं आहे.

१९ जानेवारी

तपासनिसाने पहिल्याच फटक्यात नियम मोडून दाखवला. त्याची उत्तरं म्हणजे छोट्या गोष्टीच असतात. आजची अशी:

भारत बदली मागतो. सुग्रीवला ती दिसते. भारतचा विचार बदलतो, तो बदली रद्द करतो. तेवढ्यात सुग्रीव डोंगराच्या आड जातो, रेंज जाते. सुग्रीवच्या फोनवर जुनंच पान उघडं आहे, तो "हो" दाबतो. रेंज येते, ते "हो" पोचतं आणि पान भारतला मोकळं करतं. त्याच वेळी सुग्रीवला कळतं की बदली रद्द आहे. दोघंही घरी.

कोणी खोटं बोललं नाही, कोणी आळस केला नाही, आणि वीणा घ्यायला माणूस नाही. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की सगळी विधानं खरी असून निष्कर्ष चुकतो तेव्हा जोड कुठे सुटली ते बघा. कोणी बघत नसे. हा बघतो.

स्वप्नाने ती जोड दुरुस्त केली. तपासनिसाने दुसरी गोष्ट काढली. संध्याकाळपर्यंत असं चाललं. मी तिला प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला लावली.

२२ जानेवारी

दादांकडे गेलो होतो. गुडघ्याला शेक देत बसले होते.

"काय चाललंय तुमचं ओसरीवर? फळा बिळा लावलाय म्हणं."

"तुमचीच सोय चालली आहे, दादा."

"माझी काय सोय करता? वीणा गळ्यात असली की पाय दुखत न्हाई माझा. ती काढल्यावर दुखतो." मग थोड्या वेळाने, "किशन, तुला कावून एवढं पडलंय त्याचं? तू तर कदी मंडपात फिरकला न्हाईस."

"तर्काचा प्रश्न आहे. रंजक आहे."

"हां," दादा म्हणाले. "तर्काचा."

वहिनींनी चहा आणला. म्हणाल्या, "भावजी, नीट करा बरं का. यांना घरात बसवलं तर मलाच दिवसभर ऐकावं लागंल."

मी वीणा कधी घेतलेली नाही. पुढे बीडला गेलो, आणि त्याआधीही घेतली नव्हती. वीस-एकवीस वर्षांचा असताना मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की जे सिद्ध होत नाही त्याच्यापुढे मी उभा राहणार नाही. त्यानंतर कोणी विचारलं नाही. ते बरंच झालं, दर वर्षी नाही म्हणायचा प्रसंग आला नाही.

२६ जानेवारी

अडलो आहोत. सगळ्या गाठी सुटल्या, एक राहिली, आणि ती नेमकी हातातून हातात वीणा जाण्याची.

दादांच्या फोनवर "सुटलो" आणि सुग्रीवच्या फोनवर "घेतली" या दोन घटना दोन फोनांवर घडतात. त्यांचा क्षण एक नसतो. आधी दादांना मोकळं केलं तर मधल्या वेळात वीणा कोणाचीच नाही. आधी सुग्रीवच्या नावे केली तर मधल्या वेळात दोघांची. नियम म्हणतो एक आणि एकच. तपासनीस दोन्ही प्रकार मोडून दाखवतो.

स्वप्नाने एक तोड काढली. फोनवर काही ठेवायचंच नाही, मधल्या कॉम्प्युटरने एका झटक्यात नाव बदलायचं. हिशेबात एकच नाव राहतं. तपासनिसाला आता फोनवर काय दिसतं तेही विचारात घे म्हटलं, तर त्याने सांगितलं: कॉम्प्युटर सुग्रीवचं नाव लावतो, दादांच्या फोनवर "तुम्ही मोकळे" उमटतं, आणि सुग्रीवच्या फोनची बॅटरी संपलेली असते. पानावर एक आणि एकच माणूस. मंडपात शून्य.

"नियम जरा सैल करता येईल का?" स्वप्नाने विचारलं.

मी म्हणालो, नियम सैल केला की तो नियम राहत नाही. ती लॅपटॉपकडे वळली. तिच्या कंपनीचंही काम साचलं आहे.

२८ जानेवारी

चिडचिड. लिहिण्यासारखं काही नाही. बाहेर ज्वारीला पाखरं पडली आहेत, डबा वाजवायला मलाच पाठवलं.

३० जानेवारी

आज सुटलं, आणि सुटलं तेही माळ्यावर.

सप्ताहाच्या पंगतीला आमचं मोठं पातेलं जातं. ते माळ्यावर असतं. वनमाला शिडीवर चढली, मी खाली. वरून तिने पातेलं पुढे केलं.

"धरलं का?"

"हं."

"हं नका म्हणू. धरलं म्हणा, मग सोडते. मागं हं म्हणलात आन पातेलं पायावर पाडून घेतलंत."

"धरलं."

"आता सोडू?"

"थांब," मी म्हणालो.

"काय थांब? हात अवघडला माझा."

मी पातेल्याकडे बघत होतो. तिचे दोन्ही हात त्याच्या काठाला, माझे दोन्ही हात बुडाला. या क्षणी पातेलं दोघांकडे होतं. ते दोघांकडे असल्यामुळेच पडत नव्हतं. एक आणि एकच हा नियम पाळायचा तर पातेलं क्षणभर हवेत सोडावं लागेल.

"अहो, सोडू का न्हाई?"

"सोड. नियम चुकला होता."

"कुणाचा?"

"माझा."

"लवकर कळालं," ती म्हणाली आणि खाली उतरली.

स्वप्नाला तिथूनच हाक मारली. फळ्यावरची "एकच" ही अट पुसून टाकली. नवा नियम: प्रत्येक क्षणी निदान एक माणूस आहे, ज्याच्याकडे वीणा आहे. आणि घेणाऱ्याने धरल्याशिवाय देणारा सुटत नाही. मध्ये दोघं असले तर असू देत.

पानावर आता "येतो" हे बटन राहिलं, पण त्याला किंमत नाही. "येतो" कितीही जणांनी दाबावं, तानाजीने फडातून दाबावं, त्यावर कोणी सुटत नाही. घेणारा मंडपात येऊन, वीणेला हात लावून "धरली" दाबतो, तेव्हाच देणाऱ्याच्या फोनवर "सोडा" उमटतं.

तपासनिसाला बराच वेळ लागला. मग म्हणाला, नियम कुठेही मोडत नाही.

स्वप्नाने पातेल्याला नमस्कार केला.

३१ जानेवारी

आनंद एक दिवस टिकला. सकाळी मीच विचारलं, गंमत म्हणून, गेल्या वर्षी जे घडलं ते या नियमाला घालून बघ. तिने घातलं. तपासनीस म्हणाला, नियम मोडला नाही.

बरोबरच आहे. वीणा गेल्या वर्षी एक क्षणही खाली टेकली नाही. प्रत्येक क्षणी निदान एक माणूस होताच. तो एकच माणूस होता, एवढंच.

"म्हणजे मागच्या वर्षी काही चुकलंच नाही?" स्वप्नाने विचारलं.

"नियमाप्रमाणे नाही."

तिने लॅपटॉप मिटला. "मग नियम अपुरा आहे, काका. माझे आबा रात्रभर उभे होते."

या मुलीने माझ्या वर्गात बसायला हवं होतं. नियम दोन तऱ्हेचे असतात. वाईट कधीच घडणार नाही, ही एक तऱ्हा. चांगलं कधीतरी घडेलच, ही दुसरी. आम्ही पहिली तऱ्हा घट्ट बांधली आणि दुसरी विसरलो. पहिली पाळायला एक भला माणूस रात्रभर उभा केला तरी पुरतं.

नियम दोन: जो कोणी वीणा घेतो, तो पुढे सुटतोच.

२ फेब्रुवारी

दुसरा नियम पानाच्या एकट्याच्या जोरावर सिद्ध होत नाही. पान घंटा वाजवू शकतं, माणूस उठवू शकत नाही. तपासनीस दर वेळी हीच गोष्ट सांगतो: पहिल्याला घंटा, तो येत नाही, दुसऱ्याला घंटा, तो येत नाही, आणि असंच शेवटपर्यंत. त्याला कुठेतरी एक माणूस गृहीत धरून द्यावा लागतो. ज्याला बोलावल्यावर तो येतोच, असा एक.

"शेवटचा माणूस कोण धरायचा, काका?"

"कोणीही चालेल. त्याला अ म्हणू."

"अ ला फोन नंबर लागतो. दुपारी घरी असणारा पाहिजे. देवळाच्या जवळचा. ज्याला दुसरं काम नाही असा."

मी विचार केला. तानाजी फडात. प्रवीण जीप घेऊन बीडला असतो. भारतवर भरवसा नाही. बद्रीनाथ बाजाराच्या दिवशी पाटोद्याला जातो. देवळाच्या आळीत दुपारी घरी असणारा, निरोगी, रिकामा माणूस मला काही आठवेना. तसं तिला सांगितलं. वनमाला आत एकटीच हसत होती, मोबाइलवर काही पाहत असावी.

"तूर्त अ च राहू दे," मी म्हणालो. "तपासनिसाला नावाशी कर्तव्य नसतं."

"बरं. अ चा नंबर मी बघते." मग तिने मला विचारलं, "पण अ येईल हे सिद्ध कसं करायचं?"

"ते सिद्ध होत नाही. ते गृहीत. प्रत्येक सिद्धतेच्या तळाशी अशी एखादी ओळ असतेच."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी गृहीत धरते."

ती ओळ घातल्यावर दोन्ही नियम बसले.

८ फेब्रुवारी

सप्ताह बसला. पानावर सगळे खूश आहेत. म्हातारी माणसं पहाऱ्याला कोण उभं आहे ते घरबसल्या बघतात आणि लगेच नावं ठेवतात. तानाजी फडातून दर पहाऱ्याला "येतो" दाबतो. स्वप्नाने ते बटन त्याच्यासाठीच ठेवलं आहे असं मला वाटतं.

दादांचा पहारा अकरा तारखेला दुपारी. त्यांच्यानंतर सुग्रीव.

११ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

दुपारी जेवून ओसरीवर आडवा झालो होतो. फोन कर्कश वाजायला लागला. नेहमीची रिंग नाही, पानाची घंटा. वर अक्षरं: पहारा मोकळा आहे. मंडपात या.

मला वाटलं काहीतरी चुकलं. माझं नाव यादीत नाही. स्वप्नाला फोन लावला. ती त्यांच्या घरी होती.

"अगं, माझ्या फोनवर घंटा वाजते आहे. नंबरात घोटाळा झालाय."

"घोटाळा नाही, काका."

"सुग्रीव कुठे आहे?"

"नाही जमत म्हणाला. त्याच्यानंतरचेही कोणी आले नाहीत. आता अ ला घंटा गेली."

"अगं मग अ ला फोन कर ना."

"लागलाय की, काका. चालू आहे."

मी ओसरीवर उभा. वनमाला दारात आली, तिच्या हातात माझं धुतलेलं उपरणं होतं. म्हणाली, "पाय धुऊन जा. चप्पल बाहेर काढा."

"मी ज्याच्यापुढे उभा राहायचं त्याचा काही पुरावा..."

"पुराव्यापुढं न्हाई, दादांपुढं उभं राहायचंय. त्यांचा पाय सुजंल. जावा."

स्वप्ना फोनवर अजून होती. "काका, दुसरा नियम त्या एका ओळीवर उभा आहे," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात, ती सिद्ध होत नाही."

गेलो.

मंडपात दुपारची सामसूम. चार-दोन बायका ज्ञानेश्वरी घेऊन बसल्या होत्या. दादा देवासमोर वीणा घेऊन उभे, वजन डाव्या पायावर. मला पाहून त्यांचं बोट तारेवर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. मी काय करायचं ते मला माहीत नव्हतं, असं नाही. लहानपणापासून पाहिलेलं होतं. आधी घेणारा पाया पडतो. मी दादांच्या पाया पडलो, तसा दिवाळीला पडतोच. त्यांनी दोरी गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. वीणेला माझे हात लागले. त्यांचे सुटले नव्हते.

"धरली का?" दादांनी विचारलं.

"हं."

"नीट म्हण."

"धरली."

एका हाताने फोन काढून बटन दाबलं. त्यांच्या खिशात त्यांचा फोन वाजला. तो त्यांनी पाहिलाही नाही.

"आता सोडा की, दादा."

"सोडतो. घाई काय हाय."

दोघं तसेच उभे होतो. वीणा माझ्या अंदाजापेक्षा हलकी आहे. तार दादाच छेडत होते, माझं बोट नुसतं जवळ होतं. मग त्यांनी माझं बोट तारेवर ठेवलं आणि आपलं काढून घेतलं.

पुढचं मी विसरलो होतो. देणाराही पाया पडतो. वय बघत नाहीत, ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया पडायचं. दादा वाकायला लागले. गुडघा वाकत नाही, म्हणून कमरेतून, खांबाला हात टेकून, हळूहळू. मी "नको, नको" म्हणालो. हाताने त्यांना धरायला हवं होतं, पण दोन्ही हात वीणेला होते आणि ती सोडता येत नव्हती. माझ्या थोरल्या भावाने माझ्या पायांना हात लावला आणि मी उभा राहून बघत राहिलो.

नंतर त्यांनी घरी जायला हवं होतं. गेले नाहीत. समोर सतरंजीवर पाय लांब करून बसले, पूर्ण पहारा. मी दोन वेळा म्हणालो, घरी जा, पाय वर करून पडा. म्हणाले, "बसतो जरा. बोट दाबू नको, नुसतं लाव."

बद्रीनाथने येऊन वीणा घेतली तेव्हा मी त्याच्या पाया पडलो. तो माझा विद्यार्थी होता. नापास झाला होता.

१२ फेब्रुवारी

पाय दुखतात. दादांचं म्हणणं खरं आहे, वीणा काढल्यावर दुखतात.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. मी मंडपात शिरलो तेव्हा सुग्रीव तिथेच, मागच्या खांबाला टेकून सुपारी कातरत बसला होता. भारतही होता शेजारी. मला पाहून दोघं दुसरीकडे बघायला लागले. म्हणजे सुग्रीवने मंडपात बसून "जमत नाही" दाबलं असा अर्थ होतो. हे पानाच्या दृष्टीने ठीक नाही. मंडपात हजर असलेल्या माणसाला नाही म्हणता येता कामा नये.

स्वप्नाला ही त्रुटी दाखवली. ती म्हणाली, "बघते." वहिनी तिथेच पोळ्या लाटत होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. ठसका लागला असावा.

१६ फेब्रुवारी

काल काल्याचं कीर्तन होऊन सप्ताह उठला. वीणा सात दिवस खाली टेकली नाही आणि कोणी अडकून पडलं नाही. दादांची सूज नाही. वहिनींनी अट मागे घेतली. पुढच्या वर्षी दादांचा पहारा त्याच वेळेला, असं त्यांनी परस्पर ठरवलंही. त्यांच्यानंतर कोण, हे कोणी मला विचारलं नाही. पानावर माझं नाव दिसलं.

स्वप्ना सकाळी शेवटचं आवरत होती. दोन्ही नियम फळ्यावर तसेच आहेत, पुसू नका म्हणाली. धारूरकडच्या एका गावाने हे पान मागितलं आहे, त्यांना द्यायच्या आधी तिला सगळं पुन्हा एकदा तपासनिसातून काढायचं होतं.

"एक बारीकसं सापडलंय, काका. 'धरली' दाबल्यावर देणाऱ्याने किती वेळात सोडायची याला आपण मर्यादाच घातलेली नाही. दोघं जण कितीही वेळ धरून उभे राहू शकतात. घालू का काही?"

मी फळ्याकडे पाहिलं. नियम एक मोडत नाही. नियम दोनही मोडत नाही.

"नको," मी म्हणालो. "राहू दे तसंच."